हवालदारांची सकाळ

आमच्या हवालदारांना उठताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. बसलेले सगळ्यांनी पाहिले होते, उभे असलेलेही पाहिले होते. पण बसलेल्या माणसाचं उभं राहणं, मधला तो एवढासा वेळ, कुणाच्या नजरेला पडला नव्हता. गाव जागं व्हायच्या आधीच ते ओट्यावर येऊन बसलेले असत, आणि शेवटचा माणूस रामराम करून गल्लीच्या वळणाआड गेला की मगच आत येत. एखादा बोलघेवडा पाहुणा सकाळपासून दुपारपर्यंत हलला नाही, तर हवालदारही हलत नसत. आत मायचा जीव वरखाली व्हायचा. "पाव्हणा उठंना बाई अजून. ह्यांची पंचाईत झाली आसंल," असं पुटपुटत ती चुलीत ओलं लाकूड सारायची. घरभर धूर व्हायचा, ओट्यावर जायचा, आणि डोळे पुसत पाहुणा एकदाचा निघायचा. जाताना म्हणायचा, "हवालदार, चुलीचं बगा जरा." हवालदार बसूनच म्हणायचे, "बगतो, बगतो."

हवालदार म्हणजे माझे वडील. मी त्यांना आबा म्हणत असे. पण गाव, भावकी, शाळेतले गुरुजी आणि घरात माझी मायसुद्धा त्यांचा उल्लेख हवालदार असाच करी, म्हणून इथं मीही तेच नाव घेते.

आमचं गाव बोरीपासून तासाभराच्या चालीवर. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. आमच्यात माणसाची पारख त्याच्या पायांवरून होते. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं आणि मृगाच्या तोंडाला परतायचं. मधले महिने चालायचं. मुलगी देतानाही "पोराचे पाय चांगले हायेत" असं सांगतात. अशा घरातला थोरला मुलगा फौजेत गेला आणि एकाहत्तरच्या लढाईत तोफगोळ्याच्या कपच्या कमरेत आणि मांडीत घेऊन घरी आला. पाय शाबूत होता. दिसायला दोन्ही पाय सारखेच. पण उजवा खुब्यातून वळत नव्हता आणि पाठ वाकत नव्हती. उभं केलं की उभे राहत; उभे राहिले की थोडं चालतही. पाय कापलेला असता तर लोकांना न सांगता कळलं असतं. हा न वाकणारा पाय कुणाकुणाला समजावून सांगायचा? हवालदारांनी तो कुणालाच न सांगायचं ठरवलं. एक काठी होती, पण ती उंबऱ्याच्या आतच वापरायची.

त्यांचा आवाज मात्र परेडच्या मैदानावरचा होता. हळू बोलणं त्यांना जमतच नसे. ओट्यावरून त्यांनी "पाणी आण गं" म्हटलं की शेजारच्या दोन घरांतून पोरी पाणी घेऊन निघत. स्वतःच सांगायचे, "पाय फौजेला दिला, आवाज घरी आणला."

आणि कपडे. गावात त्यांच्या वयाचे सगळे धोतरात. हवालदार कडक इस्त्रीच्या खाकी पँटमध्ये, पायात मोजे, वर काळे बूट. माय म्हणायची, "धोतर नेसा की वो, सोपं पडंल." ते म्हणायचे, "हवालदार धोतरात? मग माजं काय उरलं?" ही पँट चढवायची म्हणून रोज पहाटे आमच्या घराचं दार बराच वेळ बंद असे. माय शेकोटीतली वीट घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून त्यांची कंबर शेकायची, मग खाली बसून तो ताठ पाय उचलून पँटमध्ये घालायची, मोजे चढवायची, बुटाचे बंद बांधायची. शेवटी पाठीमागून दोन्ही काखांत हात घालून त्यांना उभं करायची. त्या वेळी त्यांच्या तोंडून जो आवाज निघे तो बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मी देव्हाऱ्यापुढं बसून घंटी वाजवायची. गावाची समजूत अशी की हवालदार पहाटे मोठी पूजा करतात. कुणी कुणी तर त्यांना एकादशीची तिथी विचारायला येत. ते मला आत हाक मारून विचारत आणि मोठ्यानं सांगत.

स्वतःच्या बाबतीत असा हा माणूस दुसऱ्या फौजींच्या बाबतीत अगदी उलटा होता. आसपासच्या गावांतले जवान, जवानांच्या बायका त्यांच्याकडे येत. परभणीच्या सैनिकांच्या कार्यालयातून काय मिळतं, पोरांना पुस्तकांना मदत कशी मिळते, कुणाच्या बायकोला शिलाई मशीन मिळालं, कुणाच्या मुलाची फी माफ झाली, हे त्यांना सगळं माहीत असे. येलदरीकडचा एक जवान यायचा, एका हाताचा. तो एकदा खाली बघून म्हणाला, "मागायला लाज वाटती, हवालदार." हवालदार असे गरजले की समोरच्या लिंबावरचे कावळे उडाले. "हात देताना लाजला व्हतास का? खैरात न्हाई ती, हक्क हाय! उद्याच्या उद्या परभणी गाठ!" तो बिचारा त्याच दिवशी गेला.

दर काही वर्षांनी हवालदारांना लष्करी दवाखान्यात डॉक्टरांच्या बोर्डापुढं जावं लागे. अपंगत्व किती उरलं आहे ते बोर्ड ठरवी आणि पेन्शनीतला अपंगत्वाचा भाग त्यावर चाले. मी बारावीत होते त्या वर्षी असं बोलावणं आलं. माय सोबत जाते म्हणाली, तर म्हणाले, "बायको घेऊन बोर्डापुढं? मी काय आजारी हाय?" धाकट्या काकांनी, नानांनी, त्यांना यष्टीत चढवून दिलं, आणि उठायची वेळ येऊ नये म्हणून सबंध वाट ते उभ्यानंच गेले. परत आले ते खुशीत. ओट्यावर गाव जमवून सांगू लागले, "साहेबानं खुर्ची दिली, म्या म्हणलं नो सर. चाल म्हणला, भिंतीपत्तोर गेलो अन् अबाउट टर्न! साहेब म्हणला, शाबास हवालदार, एकदम फिट!" लोक वाहवा करत होते. त्या अबाउट टर्नपायी पुढं कितीतरी दिवस त्यांना अंथरुणातून उठता आलं नाही. गावाला आम्ही ताप आलाय म्हणून सांगितलं.

मग कळवण्यात आलं की अपंगत्व ठरलेल्या मर्यादेच्या खाली आलं आहे, तेव्हा तो भाग बंद. ते आम्ही कसंतरी सोसलं असतं. पण परभणीला अपंग सैनिकांच्या मुलींसाठी वसतिगृहात जागा असत, राहणं-जेवण मोफत, कॉलेजची फी माफ. तीच एक वाट धरून मी अभ्यास करत होते. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, मुलगी तर नाहीच. आता मी अपंग सैनिकाची मुलगी राहिले नव्हते.

नाना कळपावरून आले तेव्हा ओट्याच्या पायरीवर बसून म्हणाले, "दादा, साहेबानं तुमाला चांगलं केलं. आता पोरीचं बी चांगलं करून टाका. सेलूकडचं स्थळ हाय. पोराचे पाय—"

"चांगले हायेत," हवालदार म्हणाले. "ठाव हाय मला."

नानांचा स्वभाव वाईट नव्हता. ते उन्हातान्हात मेंढरांमागं फिरून आमचंही घर चालवत होते. त्यांना जे दिसत होतं ते त्यांनी सांगितलं. आत माय लोकर पिंजत बसली होती. तिचे हात थांबले.

परभणीच्या कार्यालयातल्या माणसानं अपील करायला सांगितलं. हवालदारांनी ते केलं, केवळ माझ्यासाठी. बारावीचा निकाल लागला, आणि कॉलेजचे प्रवेश सुरू व्हायच्या सुमारास अपिलाच्या बोर्डाचं बोलावणं आलं. या वेळी मायनं विचारलंच नाही. तिनं भाकरी बांधल्या, मलाही सोबत घेतलं आणि ती दारात उभी राहिली. निघण्याआधी हवालदारांनी मात्र मायकडून पँटला इस्त्री करून घेतली होती, आणि बूट असे घासून घेतले होते की त्यात खिडकी दिसावी.

देवगाव फाट्याला यष्टी बदलायची होती. त्या वर्षांत नामांतरावरून कुठं ना कुठं रस्ता अडवलेला असायचाच. पुढची गाडी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. आम्ही हॉटेलापुढच्या बाकावर बसलो. शेजारच्या बाकावर दोघे तावातावानं भांडत होते, विद्यापीठाला कुणाचं नाव द्यायचं नि कुणाचं नाही. हवालदारांनी थोडा वेळ ऐकलं आणि मला म्हणाले, "ज्या गड्यानं मला पाठीवर टाकून माघारी आणलं, त्याच्या खिशात, ह्ये ज्या नावावरून भांडायलेत, त्याच माणसाचा फोटू असायचा. लागू दे ते नाव, चांगलंच हाय. पर तुझ्या पदवीवर खाली तुजं नाव पायजे. ध्यान तेवढ्यावर ठेव."

माय बशीतल्या चहाकडं बघत म्हणाली, "खाली नाव लागायला पोरगी आधी तिथवर जायला पायजे ना वो."

"जाईल की."

"कशी जाईल? तुमी पुन्ना तसंच करणार. बूट घासून घेतले तवाच कळलं मला."

"मग काय, कण्हत जाऊ? जखम दाखवून खायचं असतं तर जत्रंत फडकं आथरून बसलो असतो."

"फडकं आथरा म्हणून कोण म्हणायलंय? मागल्या बारीला साहेबानं काय इचारलं व्हतं?"

"लय इचारलं. कपडे स्वतः घालतोस का, म्हणला."

"मग?"

"म्हणलं, येस सर."

मायनं बशी खाली ठेवली. "म्हंजी साहेबापुढं खोटं बोललाव तुमी."

हवालदारांची मान झटकन वळली. अधिकाऱ्यापुढं खोटं बोलणं ही त्यांच्या लेखी चोरीपेक्षा वाईट गोष्ट होती. पलटणीतल्या अशा एका शिपायाची गोष्ट ते आम्हाला सांगत, आणि सांगताना अजूनही त्यांचा संताप होई. "खोटं? मी?"

"मग कोण चढवतंय पँट? ही पोरगी रांगत व्हती तवापसून रोज पहाटं खाली बसून मी तुमचा पाय उचलायले. मोजे मी घालायले. बुटाचे बंद मी बांधायले. रातच्याला कूस मी बदलायले. अन् तुमी तिथं जाऊन सांगताव, म्या करतो. मग मी कोण? कुणीच न्हाई? तुमचा पाय झाका, खुशाल झाका. माजं काम कामून झाकताव?"

"हळू बोल."

"हळूच बोलायले मी. मोठ्यानं बोलायची सवय तुमची."

गाडी आली, आम्ही दोघींनी त्यांना चढवलं. कंडक्टरनं हात पुढं केला तर त्यांनी तो घेतला नाही. खिडकीतून ते सबंध वाट बाहेर बघत होते.

लष्करी दवाखान्यातल्या लांब ओसरीवर बाकं मांडलेली होती. कुबड्या घेतलेले, हात गळ्यात बांधलेले जवान बसले होते, काहींच्या सोबत बायका होत्या. हवालदारांचं नाव पुकारलं गेलं. ते बाकावर बसलेच नव्हते; तसेच पडदा सारून आत गेले. ताठच गेले. माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

आतले साहेब काय विचारत होते ते ऐकू येत नव्हतं. हवालदारांची उत्तरं मात्र सगळ्या ओसरीला ऐकू येत होती.

"नो सर!"

मग थोडं थांबून, "पिछली बार झूठ बोला था, साब! पतलून मेरी घरवाली चढाती है!"



"मोजा भी वोही, साब! बूट भी वोही! रात को करवट भी वोही बदलती है! नीचे बैठ गया तो अपने आप उठ नहीं सकता, साब!"

मायनं पदर तोंडावर ओढून घेतला. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. वाकून पाहिलं तर ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. "अगं बाई, एवढ्या मोठ्यानं कामून सांगायलेत!" पलीकडच्या बाकावर एका कुबडीवाल्या जवानाची बायको बसली होती. ती उठून मायजवळ येऊन टेकली आणि तिच्या मांडीवर हात ठेवून बसली.

पुन्हा आतून आवाज आला. "उसको अंदर बुला लो, साब! पूरा उसी को मालूम है!"

पडदा हलला. शिपायानं मायला आत बोलावलं. माय आयुष्यात कधी कुणा साहेबापुढं गेली नव्हती. तिनं पदर सारखा केला, चपला बाहेर काढल्या आणि अनवाणीच आत गेली. हवालदार आत जितका वेळ होते त्यापेक्षा माय किती तरी जास्त वेळ आत होती. ती बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय इचारलं?"

"सकाळी उठल्यापासून काय काय करताव ते सांगा म्हणले."

"मग?"

"सांगितलं." एवढंच म्हणून तिनं चपला घातल्या.

परतीच्या गाडीत दोघे शेजारी बसले होते, मी पुढच्या बाकावर. बराच वेळ गेल्यावर हवालदारांनी विचारलं. त्यांच्या मानानं अगदी हळू, म्हणजे फक्त आमच्या आसपासच्या तीन बाकांना ऐकू जाईल इतकं. "तू आत लय येळ बोलत व्हतीस. एवढं काय असतंय गं?"

"आता यष्टीत सांगू काय?" माय म्हणाली.

त्यावर माझ्या शेजारचा एक अनोळखी म्हातारा उगाचच खोकला.

अपील मंजूर झालं. बंद झालेला भाग पुन्हा सुरू झाला, आणि मी परभणीला वसतिगृहात गेले. तिथं मला पहिल्यांदा कंदील लागत नाही अशी, विजेच्या दिव्याची खोली मिळाली, रोज दोन वेळचं ताट मिळालं, पुस्तकं मिळाली. माझ्यासारख्या कितीतरी मुली तिथं होत्या. कुणाच्या वडिलांचा डोळा गेलेला, कुणाचा पाय. आम्ही एकमेकींना कधी विचारत नव्हतो, तरी सगळ्यांना सगळं माहीत होतं. आज मी जी काही आहे ती त्या जागेमुळं आहे, हे मी कधी विसरत नाही.

हवालदार त्या दिवसानंतर बदलले, असं मात्र मला म्हणता येणार नाही. गावात ते पूर्वीसारखेच ओट्यावर बसत. पहाटे दार बंदच असे; मी गेल्यावर घंटी माय कशी वाजवत होती ते तीच जाणे. लांबलेल्या पाहुण्यासाठी चुलीतून धूर निघतच राहिला. फरक पडला तो एकाच गोष्टीत. कुणी फौजी सल्ला विचारायला आला की ते सगळ्यात आधी म्हणत, "घरवालीला संगं आणलंस का? न्हाई? मग तिला घेऊन ये जा. तुला काय ठाव हाय तुजं?"

मी पदवी घेऊन घरी आले तेव्हा त्यांनी ती हातात धरली आणि वरच्या ओळींवरून नजरसुद्धा न फिरवता खालचं माझं नाव बोटानं चाचपलं. अक्षरं इंग्रजी होती, पण त्यांनी बरोबर जागा शोधली. विद्यापीठाचं नामांतर झालं ते पाहायला ते राहिले नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी, पोळ्याच्या सुमारास, दोन दिवसांच्या दुखण्यात गेले. त्या वेळी मी जिंतूरच्या एका शाळेत शिक्षिका होते. मी पोचले तेव्हा त्यांच्या अंगावर इस्त्रीची पँट होती. सकाळी त्यांनी मागून घेतली होती, आणि मायनं चढवली होती. एका हाताचा तो येलदरीकडचा जवान कुठूनसा कळून आला होता आणि ओट्यासमोर उन्हात सावधान उभा होता. कुणी बस म्हटलं तरी तो बसला नाही.

आता शाळा सुटल्यावर कधी कधी माझ्याकडे अशी कुटुंबं येतात. हवालदारांची मुलगी म्हणून येतात. माणूस इस्त्रीच्या कपड्यात असतो, दारात ताठ उभा राहतो. मी खुर्ची दिली की "नको मॅडम, उभा ठीक हाय" म्हणतो. बोर्डापुढं जायचं असतं, किंवा मुलाच्या जागेचं काही असतं. परवा असेच एक काका आले होते. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "माजं काय बी अडत न्हाई, मॅडम. सगळं माजं मीच करतो."

काकू त्यांच्या मागं, दाराशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "काका, तुम्ही जरा थांबा. काकू, तुम्ही सांगा. सकाळी उठल्यापासून."

काकूंनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या पाठीकडं. "सांगू का वो?"

काका बराच वेळ भिंतीवरच्या नकाशाकडं बघत राहिले. मग तोंड न वळवता म्हणाले, "सांग."